सात मोठी माणसं आणि पंधरा हजारांचं स्वयंपाकघर

आमच्या घरात सात माणसं आणि सातही मोठी. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, दीर, जाऊ आणि नोकरीसाठी गावाहून आलेला भाचा. घरात लहान मूल नाही म्हटलं की लोक म्हणतात, मग तुम्हाला खर्च कसला? खरं तर खर्च मोठ्या माणसांचाच असतो. लहान मूल अर्धी चपाती खातं आणि आई देईल तेव्हा खातं. मोठ्या माणसाला चार चपात्या लागतात, डबा लागतो, आणि ज्याची त्याची यायची-जायची वेळ निराळी. नवरा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, म्हणजे सकाळी साडेसहाला घराबाहेर. मी ठाण्याला एका ऑफिसात हिशेब लिहिते, मला आठच्या आसपासची लोकल धरावी लागते. जाऊ एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, तिची ड्यूटी दर आठवड्याला बदलते. भाचा ऐरोलीला दुसऱ्या पाळीत, डोंबिवलीत घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेअकरा होतात. दिवसभर घरी असतात ते आई आणि अण्णा, म्हणजे सासूबाई नि सासरे.

२०२४ च्या पावसाळ्यात दिरांची कंपनी बंद पडली. शेवटचे दोन पगारही अडकले. भाऊजींनी लगेच पार्सल पोचवायचं काम धरलं, पण कमाई निम्म्यावर आली. फ्लॅटचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. अण्णांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी पेन्शन आहे, त्यातली किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपयेच आहे. अण्णांच्या हातात त्याहून थोडी जास्त पडते, तेवढ्यात त्यांच्या गोळ्या निघतात. एका रविवारी सगळे एकत्र बसलो आणि गॅस, दूध, भाजी, किराणा, अंडी असं सगळं धरून स्वयंपाकघराला महिना १५,००० रुपये असा आकडा ठरला. त्याआधी किती लागत होते हे घरात कुणालाच नक्की सांगता येईना. म्हणून पहिल्यांदा तेच काढायला बसले.

किराण्याची बिलं, दूधवाल्याची वही, गॅसच्या पावत्या आणि प्रत्येकाच्या मोबाइलमधल्या यूपीआयच्या नोंदी, सगळं समोर घेतलं. मोबाइल दाखवायला भाचा जरा कचरला. मी खाण्याच्या तेवढ्या नोंदी उतरवून घेतल्या, बाकी काही विचारलं नाही. बेरीज २१,००० च्या वर गेली. किराणा दुकानाचं बिल त्यात निम्मंही नव्हतं. बाकीचं सगळं येता-जाता आणलेलं. स्टेशनबाहेर ताजी कोथिंबीर दिसली म्हणून नवऱ्याने जुडी घेतली, त्याच संध्याकाळी भाऊजींनीही घेतली. एकाच दिवशी ब्रेडचे दोन पुडे. रात्री भूक लागली म्हणून दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून फरसाण, आणि त्यावर पोचवण्याचे नि पॅकिंगचे वेगळे पैसे. यात कुणी चैन केली असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांच्या घरात प्रत्येकाला घराची काळजी असते, त्यामुळे जो येतो तो हातात काहीतरी घेऊन येतो. फक्त एकमेकांना विचारून आणत नाहीत. आणि घरी काय शिजलंय हे माहीत नसलं की बाहेर खाऊन येतात, मग इकडे भात उरतो.

म्हणून भाव शोधत हिंडण्याआधी वेळापत्रक केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांचा वेगळा ग्रुप केला, त्यात जेवणाशिवाय दुसरं काही टाकायचं नाही. रात्री जेवायला नसेल त्याने संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं, नाही कळवलं तर तो आहे असं धरायचं. उद्याचा डबा हवा की नको हे रात्री झोपायच्या आत लिहायचं. येताना काही आणायचं असेल तर ज्याचं नाव ग्रुपवर पडेल त्यानेच आणायचं. आईंना फोनवरचं वाचता येत नाही, त्यांना अण्णा मोठ्याने वाचून दाखवतात आणि मग त्या तांदूळ काढतात. दोन माणसांना एक फुलपात्र, एवढं सोपं माप ठेवलं. या एका गोष्टीने भात उरायचा जवळजवळ थांबला. सकाळचा फोडणीचा भात आम्हाला सगळ्यांनाच आवडतो, पण तो रोज करावा लागणं म्हणजे रोज रात्री अंदाज चुकणं होतं.

किराण्याचं म्हणाल तर गावाकडे वर्षाचं धान्य भरायची पद्धत होती आणि आई अजूनही तेच बरं म्हणतात. गहू बाजारात भरपूर असतो तेव्हा, एप्रिल-मेमध्ये, लोकवन घ्यायचा, ऊन द्यायचं, कोठीत भरायचा. नवी तूर आली की डाळ घ्यायची आणि एरंडेलाचा हात फिरवून ठेवायची. पद्धत चांगलीच आहे, पण त्याला एकरकमी पैसा लागतो. व्याजाने पैसे काढून धान्य भरलं तर भावात वाचलेलं व्याजात जातं. आमच्या लोकलच्या डब्यात बायकांची भिशी आहे. ऑक्टोबरात माझा नंबर लागला तेव्हा त्या पैशांत तीन महिन्यांचं धान्य भरलं, आणि दर महिन्याच्या किराण्यातून जे वाचलं त्यातून पुढच्या तिमाहीचे पैसे बाजूला टाकत गेले. सात माणसांना तीन महिन्यांचं हे माप बेताचं आहे. जास्त भरलं तर डोंबिवलीच्या दमट हवेत पोरकिडे होतात आणि पावसाळ्यात धान्याला ऊन दाखवायला जागा नसते.

पोत्याने घेण्यात आणखी एक गोष्ट होती. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्याला, डाळीला आणि पिठाला ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्ट्या मालाला तो नाही आणि २५ किलोपेक्षा मोठ्या पिशवीलाही नाही. तांदळाची २६ किलोची पिशवी बाजारात दिसते ती त्याचमुळे. आम्ही कोलमची एक अशी पिशवी घ्यायला लागलो, आणि खिचडीला, डोशाला तुकडा तांदूळ वेगळा. तुकडा स्वस्त पडतो आणि खिचडीत तो मऊ मिळून येतो, उलट छानच लागतो.

तेलाने मात्र फार त्रास दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावरचं ५.५ वरून २७.५ टक्के आणि रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्के. आपल्या देशात खपतं त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळे फटका लगेच बसला. आमच्या दुकानात सोयाबीनचं पाकीट बघता बघता वीसेक रुपयांनी चढलं. त्यातच एका कंपनीचं पाकीट दुसऱ्यापेक्षा स्वस्त म्हणून नवरा घेऊन आला, तर अण्णांनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या त्या पाकिटात ७५० ग्रॅम होतं. पाकिटावर आता दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव छापावा लागतो. दोन पाकिटं शेजारी धरून तोच आकडा बघायचा, वरची मोठी किंमत बघायची नाही. तेव्हापासून किराण्याला अण्णा जातात. त्यांना घाई नसते, दुकानदाराला त्यांचा आदर आहे, आणि प्रत्येक पाकीट ते वाचून घेतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जावेने हॉस्पिटलातून त्याचा तक्ता आणला आणि फ्रिजवर लावला. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या त्यातल्या ताटात दिवसाचं तेल-तूप २७ ग्रॅम आहे. सात जणांना महिन्याला ते सहा लिटरच्या थोडं वर जातं. आम्ही नऊ वापरत होतो. महिन्याचं तेल एका मोठ्या डब्यात ओतून त्यातलं आठवड्याचं तेल काचेच्या बरणीत काढायला लागलो. बरणी गुरुवारी अर्ध्याखाली गेली की सगळ्यांनाच दिसतं. तळण पंधरा दिवसांतून एकदा, आणि तळून उरलेलं तेल त्याच आठवड्यात फोडणीत संपवायचं.

त्याच तक्त्यात डाळी-कडधान्यं माणशी दिवसाला ८५ ग्रॅम आहेत. मी गुणाकार केला तर सात माणसांना महिन्याला जवळजवळ अठरा किलो. अंडी-मासे खाणाऱ्याचं थोडं कमी धरलं तरी आमची महिन्याची डाळ होती सात किलो. म्हणजे २१,००० रुपये खर्चूनही हे घर डाळीत कमी पडत होतं. फरसाण, बिस्किटं, ब्रेड यांत पैसे जात होते आणि आमटी पातळ होत होती. कपात कुठे करायची हे मला तिथे कळलं. डाळीचं माप वाढवायचं आणि ते पैसे तेलातून नि सुट्ट्या खाण्यातून काढायचे.

तूरडाळ त्या वेळी १७० रुपये किलोच्या आसपास होती. आम्ही सातारकडचे, आमच्या आमटीला तूर लागतेच. पण दोन भाग तूर नि एक भाग मसूर अशी आमटी कुणाच्या लक्षातही आली नाही. मसूर लवकर शिजतो, त्यामुळे गॅसही थोडा वाचतो. सरकारी 'भारत' नावाची हरभराडाळ २०२३ साली ६० रुपये किलोने निघाली, पुढच्या वर्षी ती ७० झाली. ती विकणारी गाडी आमच्याकडे नेमाने येत नाही, पण आली की अण्णा घेऊन ठेवतात. गावाहून भाचा एसटीने वाघ्या घेवडा आणतो. आमचा तालुका कोरेगाव आणि तिथला घेवडा नावाजलेला. हुलगेही गावचे. मटकी भिजवून मोड आणले की वजन दुपटीच्या वर जातं, एक किलो मटकीत सात माणसांच्या दोन भरपूर उसळी होतात. हे सगळं धरून आम्ही बारा किलोपर्यंत पोचलो. अठरा नाही झाली, पण सातवरून बारा म्हणजे अंगात दिसणारा फरक आहे.

हुलग्याच्या शेंगोळ्यांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण कमी पैशात इतकं पोटभरीचं दुसरं काही माझ्या माहितीत नाही. हुलग्याचं पीठ, थोडं ज्वारीचं पीठ, वाटलेला लसूण-मिरची, जिरं, मीठ, हळद असं घट्ट मळायचं. हाताला तेलाचं बोट लावून बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या करायच्या. पातेल्यात लसणाची फोडणी, त्यावर भरपूर पाणी, ते खळाखळा उकळलं की एकेक वळी सोडायची. घाईने एकदम टाकल्या तर चिकटून गोळा होतो. थोडं पीठ पाण्यात कालवून शेवटी घातलं की रस दाट होतो. भाकरीबरोबर खा नाहीतर नुसते खा. आई वळायला बसल्या की तासभर लागतो. त्या तासाचं पुढे सांगते.

भाजीला रविवारी पहाटे नवरा आणि भाऊजी स्कूटरवरून कल्याणच्या बाजार समितीत जातात. तिथे पाच किलोच्या खाली घेण्यात अर्थ नाही, म्हणून शेजारची दोन घरं सोबत घेतली. कांदे, बटाटे, कोबी, भोपळा, दुधी घेऊन यायचं आणि जिन्यातच वाटून टाकायचं. पालेभाजी मात्र रोजची, डोंबिवलीतलीच, संध्याकाळी उशिराची. त्या वर्षी लसूण ४०० रुपये किलोवर गेला, तेव्हा आईंनी आमटीला हिंग धरला आणि लसूण उसळीपुरता ठेवला. फ्लॉवरची कोवळी पानं, मुळ्याचा पाला, दोडक्याच्या शिरा, दुधीची सालं यातलं काही टाकायचं नाही ही आईंची शिकवण आधीपासूनचीच. दोडक्याच्या शिरांची तिळ घातलेली चटणी तर मी दोडक्याच्या भाजीहून वर ठेवेन.

आता जे सांगायचं म्हणून मी हे लिहायला घेतलं, ते.

एका शनिवारी ऑफिस लवकर सुटलं आणि मी अडीचच्या सुमारास घरी आले. आई जेवायला बसल्या होत्या. ताटात भात, त्यावर पातळ ताक, आणि कडेला चटणी. ओट्यावर पातेल्यात आमटी झाकून ठेवलेली, चांगली दोन वाट्या. मी म्हटलं, आई, आमटी घेतली नाहीत? तर म्हणाल्या, "अगं, मला आताशा बाधते ती. रात्री पोरगं येईल, त्याला राहू दे." आई सत्तरीच्या. आयुष्यभर तुरीची आमटी खाल्लेली बाई, तिला या चार महिन्यांतच कशी बाधायला लागली?

संध्याकाळी जाऊ उठली, तिची रात्रपाळी होती. तिने चहाबरोबर चपाती खाल्ली आणि निघाली. मी विचारलं, डबा? तर म्हणाली, "ताई, तिकडे कॅन्टीनला बघते काहीतरी." तिच्या यूपीआयच्या नोंदीत कॅन्टीनचा एक रुपया नव्हता, ते माझ्याच वहीत होतं. आणि माझं तरी काय निराळं होतं? आपल्या डब्यात उसळ कमी घालून त्यावर चपाती जास्त ठेवायची, हे हात आपोआप करत होते. तिघी बायका आपापल्या ताटातून बजेट भरत होतो आणि एकमेकींना सांगत नव्हतो. पुरुषांनी कुणी मागून घेतलं होतं असं नाही. त्यांच्या ताटात पडत होतं, ते खात होते, त्यांना कळायचं कारणच नव्हतं.

त्या महिन्यात जावेच्या हॉस्पिटलात तपासणी झाली, तिचं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. रोज दुसऱ्यांची रक्ताची नळी भरणारी मुलगी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं होतं. तिला हा आकडा तोंडपाठ होता. ती म्हणाली, "ताई, आपल्याकडे घरात पैसे कमी झाले की कुठून कमी होतं, हे आम्ही वॉर्डात बघतोच की."

रविवारी हे सगळ्यांसमोर मांडलं. मला रडू येत होतं, तरी आकडे नीट वाचून दाखवले. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग तोच म्हणाला, आधी वाढून ठेवायचं, मग खायचं. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या भांड्याच्या दुकानातून स्टीलच्या सात एकसारख्या झाकणाच्या वाट्या आणल्या. आमटी, उसळ, कालवण, जे काही दाट असेल ते तयार झालं की पातेलं तळापासून ढवळायचं आणि सातही वाट्या एकदमच भरायच्या, घरात दोन माणसं असोत की पाच. ढवळणं महत्त्वाचं, नाहीतर आधी वाढणाऱ्याला पाणी आणि नंतरच्याला डाळ, किंवा उलट. प्रत्येकाची वाटी त्याची. ज्याला डबा न्यायचा त्याने तीच न्यायची. उरलेलं पातेल्यात, ते हवं त्याने घ्यावं.

आईंना हे अजिबात पटलं नाही. "घराची खाणावळ केलीत," म्हणाल्या. मोजून वाढणं त्यांना अपमानाचं वाटत होतं, आणि ते मी समजू शकते. त्यांच्या हाताखाली कुणी उपाशी गेलं नाही हा त्यांचा मोठेपणा आहे. पण अण्णा ठाम राहिले. म्हणाले, "तुझी वाटी रिकामी झाल्याशिवाय मी हात धुणार नाही." आणि खरंच बसून राहिले. बाकी कुणाच्या सांगण्याने झालं नसतं.

दुधाचंही तसंच. रोजचं दीड लिटर. आधी रात्री पेलाभर दूध पुरुषांना जायचं. आता चहापुरतं बाजूला काढून बाकीच्याचं दही लावतो, दह्याच्या वाट्या पुन्हा सात. अंड्यांचा ३० चा ट्रे आठवड्याला, आई माळकरी आहेत, म्हणजे सहा जणांना माणशी पाच. आईंना त्याऐवजी शेंगदाण्याचा गूळ घातलेला लाडू रोज एक. जावेच्या लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी चालू केल्याच, पण शेपू-राजगिऱ्याची भाजी आणि वर लिंबू हे तिच्यासाठी ठरवून ठेवलं. तीन महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन अकराच्या वर आलं. गोळ्यांनी किती आणि जेवणाने किती हे मला सांगता येणार नाही. दोन्ही लागतात असं तीच म्हणते.

एकादशीचं सांगायचं राहिलं. उपवासाचा दिवस साध्या दिवसापेक्षा महाग जातो. साबुदाणा, दाणे, तूप, बटाटे, वरी, आणि एकाला केलं की घरभर सगळे खातात. आता उपवासाचं ज्याचा उपवास त्याच्यापुरतंच. आईंनी हे फार लवकर मान्य केलं, त्यांना मुळात उपवास असाच हवा होता.

आता शेंगोळ्यांचा तो तास. स्वस्त खाण्याला हात लागतात हे हिशेबाच्या वहीत येत नाही. मेथी स्वस्त असते, पण ती रात्री नऊला निवडायची कुणी? मटकी भिजवायची, उपसायची, फडक्यात बांधायची. चपात्या पस्तीसच्या आसपास, त्या पहाटे पाचला. आधी आमच्याकडे चपात्यांना एक मावशी यायच्या, त्यांचं काम थांबवावं लागलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्यांचंही घर आमच्यासारखंच होतं. पैसे कमी केले की श्रम वाढतात, आणि ते कुणाचे हे बोलून ठरवलं नाही तर ते बाईच्याच अंगावर येतात. म्हणून तेही रविवारच्या बैठकीत घेतलं. पालेभाजी निवडणं, शेंगा सोलणं अण्णांकडे. रात्री दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून ठेवणं नवऱ्याकडे. कणीक भाऊजी मळतात, आणि आता चपात्याही अर्ध्या तेच लाटतात. भाचा साडेअकराला येतो तो स्वतःचं गरम करून घेतो आणि रात्रीची मोठी भांडी घासून झोपतो. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "मामी, गावी कळलं तर आई हसेल." त्याच्या आईला, म्हणजे आमच्या वन्संना, मी फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, शिकू दे, पुढे उपयोगी पडेल.

त्याच्या रात्रीच्या भुकेसाठी चुरमुऱ्यांच्या भडंगाचा मोठा डबा रविवारी करून ठेवते. दाणे, लसूण, मेतकूट, कढीपत्ता. ॲपवरची ऑर्डर त्यानेच बंद केली. डब्यात सलग दोन दिवस मटकी नको एवढंच त्याचं मागणं होतं. ऑफिसात सगळे डबे उघडून बसतात, तिथे रोज तेच काढायला त्याला संकोच वाटायचा. ते बरोबर होतं. तेव्हापासून आठवड्याचा बेत करताना डब्याची भाजी दोन दिवस सारखी येणार नाही हे बघते.

सणावारासाठी वेगळा डबा ठेवला, त्यात महिना पाचशे. गणपतीला गावाकडची मंडळी येतात, दिवाळीला फराळ होतो, हा खर्च पंधरा हजारांत बसवायचा प्रयत्न करू नये. बसत नाही आणि उगीच कटकट होते. आल्या-गेल्याला चहा मात्र चालूच राहिला, अण्णांनी ती अट पहिल्याच दिवशी घातली होती.

पहिल्या महिन्यात खर्च सतरा हजारांच्या वर गेला होता, दिवाळीनंतर पंधराच्या आत यायला लागला. फळांचं मात्र जमलं नाही. तक्त्यात रोज माणशी १०० ग्रॅम फळ आहे. आमच्याकडे केळी, हंगामात पेरू आणि बोरं, एवढंच आलं. मासेही मागे पडले, सुकटीवर भागवलं.

२०२५ च्या उन्हाळ्यात भाऊजींना अंबरनाथला पुन्हा कंपनीत काम लागलं. तूरडाळही तोवर उतरली होती. गॅस मात्र एप्रिलमध्ये ५० रुपयांनी वाढून ८५२.५० झाला. सगळ्यांनी बसून आकडा १७,५०० वर नेला. सात वाट्या तशाच ठेवायच्या हे न विचारताच ठरलं. वाढीव पैशात पहिलं दूध अर्धा लिटर वाढवलं, मग आठवड्यातून एकदा फळांचे तीनशे, आणि मावशींना पुन्हा बोलावलं, सकाळच्या चपात्यांपुरतं. त्यांनी मधल्या काळात दुसरी घरं धरली होती, तरी आमच्यासाठी साडेपाचची वेळ काढली. भाऊजी म्हणतात, रविवारच्या चपात्या मात्र मीच करणार. भाच्याने फ्रिजवरच्या कागदावर पनीर लिहून ठेवलंय, त्याचं पुढच्या बैठकीत बघू.